गायिला गेलेला नायक : ‘उतावारेरुमोनो’ या जपानी दृश्यकादंबरीचा ऐतिहासिक परिचय

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना शिलालेख, बखरी, दफ्तरे आणि प्रवासवर्णने यांच्या पलीकडे अभ्यासकाची दृष्टी सहसा जात नाही. चित्रपट आणि लोकप्रिय कादंबरी यांना गेल्या काही दशकांत साधन म्हणून मान्यता मिळाली. संगणकीय खेळाला मात्र ती अद्याप पुरेशी मिळालेली नाही. खेळ म्हणजे मुलांचा वेळ घालविण्याचा उद्योग, ही समजूत त्यास कारणीभूत आहे. जपानमध्ये १९८० नंतर विकसित झालेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हा प्रकार पाहिल्यास ही समजूत टिकत नाही. त्यात खेळणाऱ्याचा बहुतेक वेळ वाचण्यात जातो. म्हणून प्रस्तुत निबंधात या प्रकारासाठी ‘दृश्यकादंबरी’ हा शब्द योजला आहे.

२६ एप्रिल २००२ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेली ‘उतावारेरुमोनो’ ही अशीच एक कृती. ओसाका येथील ‘ॲक्वाप्लस’ या कंपनीच्या ‘लीफ’ या शाखेने ती संगणकासाठी काढली. काल्पनिक राज्ये, पशूंसारखे कान व शेपूट असलेली माणसे, पंखांचे पुरोहित आणि मुखवटा घातलेला राजा असे तिचे बाह्यरूप आहे. या रूपाकडे पाहून तिला अद्भुतकथा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिच्यातील व्यक्तींची, राज्यांची आणि जमातींची नावे कानावर पडू लागली की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. ही नावे मोठ्या प्रमाणात जपानी नाहीत. त्यांतील अनेकांचे मूळ होक्काइदो बेटावरील आदिवासी ऐनू समाजाच्या भाषेत सापडते. ज्या काळी जपानच्या कायद्यात ऐनूंना ‘आदिवासी’ हा दर्जाही नव्हता, त्या काळी त्यांची भाषा एका मनोरंजक कृतीत राज्यांची आणि देवतांची नावे होऊन अवतरली. या कृतीचा नव्या वाचकास परिचय करून देताना कथानकाइतकेच या उसनवारीकडेही लक्ष वेधणे आवश्यक ठरते.

दोन परंपरांचा संगम

‘उतावारेरुमोनो’मध्ये दोन स्वतंत्र परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली वाचनाची. १९८३ मध्ये युजी होरी यांचा ‘पोर्टोपिया’ हा खून-तपासाचा खेळ आला आणि संगणकावर कथा उलगडत नेता येते, हे जपानी वाचकांस कळले. १९९२ मध्ये ‘चुन्सॉफ्ट’ या संस्थेने ‘ओतोगिरिसो’ प्रसिद्ध केला. त्यात पडदाभर मजकूर, मागे चित्र आणि प्रसंगानुरूप ध्वनी अशी रचना होती. निर्मात्यांनी तिला ‘साउंड नॉव्हेल’ असे नाव दिले. हीच कल्पना घेऊन ‘लीफ’ने १९९६ मध्ये ‘शिझुकु’ व ‘किझुआतो’ आणि १९९७ मध्ये ‘टू हार्ट’ या कृती काढल्या. ध्वनीच्या जागी चित्रास महत्त्व देऊन आपल्या मालिकेस ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव या संस्थेनेच दिले आणि पुढे ते सबंध प्रकाराचे नाव झाले. पार्श्वभूमीचे एक चित्र, त्यावर बोलणाऱ्या व्यक्तीची आकृती आणि खाली मजकुराची चौकट, इतकीच त्याची सामग्री असते. वाचक कळ दाबतो, पुढचे वाक्य येते. अधूनमधून त्याला निवड करावी लागते.

दुसरी परंपरा व्यूहरचनेची. ‘कोएई’ या कंपनीने १९८३ मध्ये नोबुनागाच्या काळावर खेळ काढून जपानी मध्ययुगाचा नकाशाच पटावर मांडला. १९९० मध्ये ‘फायर एम्ब्लेम’ आला. त्यात पटावरील प्रत्येक सोंगटीस नाव, चेहरा आणि पूर्ववृत्त होते. लढाईत ती पडली तर कायमची गेली. १९९६ च्या ‘साकुरा ताइसेन’ने संभाषणाचा भाग आणि लढाईचा भाग यांची सांगड घातली. ‘उतावारेरुमोनो’ची बाह्य रचना या शेवटच्या नमुन्याशी जुळते. दीर्घ वाचन, मग चौकटींच्या मैदानावर लढाई, पुन्हा दीर्घ वाचन असा तिचा क्रम आहे. लढाईतील प्रत्येक पात्र आपल्या पाळीस ठरावीक घरे चालते, हल्ला करते किंवा जखमींवर उपचार करते. विजयातून मिळालेले गुण पात्रांचे बळ वाढविण्यास वापरता येतात.

या लढाया ‘फायर एम्ब्लेम’इतक्या निष्ठुर नाहीत. मैदानात हरलेले पात्र त्या लढाईपुरते बाजूला होते आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा बोलताना दिसते. यास काही जाणत्या खेळाडूंनी दोष मानले आहे. पण तो दोष नव्हे. या कृतीत मरण पटावर घडत नाही, ते मजकुरात घडते, आणि ते टाळण्याचा कोणताही डावपेच वाचकाच्या हाती नसतो. युद्ध कौशल्याने जिंकता येते, पण त्यात कोण मरणार हे ठरविता येत नाही, असा अनुभव या रचनेतूनच येतो.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. जपानी बुद्धिबळास ‘शोगी’ म्हणतात; भारतीय चतुरंगाच्या वंशातलाच तो खेळ. शोगीत जिंकलेली सोंगटी पटाबाहेर जात नाही; जिंकणारा ती आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवू शकतो. ‘उतावारेरुमोनो’तील नायकाचे सैन्य असेच जमते. बेनावी आणि कुरोऊ हे आरंभी शत्रूचे सेनानी असतात, तर तोउका ही प्रतिपक्षाची योद्धा. एकेका युद्धानंतर ही माणसे नायकाच्या बाजूने उभी राहतात. पराभूतांस सामावून घेणारे राज्य हा कथेचा एक मुख्य विषय असून तो पटावरच्या हालचालींतही दिसतो.

कथानक

एक मनुष्य जखमी अवस्थेत एका खेड्यात शुद्धीवर येतो. त्याला आपले नाव, गाव, काहीच आठवत नाही. चेहऱ्यावर एक मुखवटा आहे. तो काही केल्या निघत नाही. यामायुरा नावाच्या त्या खेड्यात त्याची शुश्रूषा एरुरू ही तरुणी करते. तिची आजी तुस्कुरु ही गावाची प्रमुख व वैद्य. धाकटी बहीण आरुरू अबोल आणि वन्य प्राण्यांत रमणारी. आजी या अनोळखी माणसास आपल्या मृत मुलाचे, म्हणजे एरुरूच्या वडिलांचे, नाव देते : हाकुओरो. येथून कथा सुरू होते.

आरंभीची प्रकरणे संथ आहेत. नव्या वाचकास ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. नांगरट, औषधी वनस्पती, जेवणाची पंगत, शेजाऱ्यांची थट्टा यांत बराच वेळ जातो. पण ही प्रकरणे वगळून लढायांकडे धावणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. पुढे जे नष्ट होणार आहे त्याची ओळख येथेच करून दिली जाते. केनाशिकोउरुपे या राज्याचा सम्राट इंकारा याचे अधिकारी वाढीव कर वसूल करू लागतात. एका झटापटीत आरुरूवर उगारलेले शस्त्र आजी स्वतःवर घेते आणि मरते. गाव बंड करते. हाकुओरो बंडाचा नेता होतो, राजधानी जिंकतो आणि नव्या राज्याचा सम्राट होतो. त्या राज्यास तो आजीचे नाव देतो : तुस्कुरु.

सामान्य अद्भुतकथा येथे संपली असती. ‘उतावारेरुमोनो’ येथून गंभीर होते. राज्य स्थापन केल्यावर ते चालवावे लागते. हिशेबाच्या कागदांचा ढीग, शेजारी राज्यांचे दूत, धर्मपीठाची मान्यता आणि आक्रमणे यांत नायक अडकत जातो. ज्या खेड्याच्या रक्षणासाठी त्याने शस्त्र उचलले, ते यामायुरा शेजारच्या कुच्चाकेच्चा या राज्याच्या आक्रमणात बेचिराख होते. शेवटच्या भागात कथा पुन्हा वळण घेते आणि हे जग प्राचीन नसून आपल्याच जगाच्या फार नंतरचे आहे, असे उघड होते. पशूंसारख्या कानांची ही माणसे कोणी, कशासाठी निर्माण केली, मुखवट्यामागे कोण आहे, या प्रश्नांची उत्तरे येथे देणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल. एका समाजाने दुसऱ्या समाजाकडे प्रयोगाची वस्तू म्हणून पाहिले होते, एवढे सांगितले तरी पुढील विवेचनास पुरेसे आहे.

मूळ आवृत्ती प्रौढांसाठी होती व तिच्यात काही शृंगारिक प्रसंग होते, हे अध्यापक-वाचकांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्या काळच्या संगणकीय दृश्यकादंबऱ्यांच्या बाजारपेठेची ती रीत होती. २००६ च्या गृहखेळयंत्रावरील आवृत्तीत हे प्रसंग काढण्यात आले. कथेचे त्यामुळे काही बिघडले नाही, यावरून त्या प्रसंगांचे कथेतील स्थान ध्यानात येते.

नावांचा मागोवा

‘उतावारेरुमोनो’ हा शब्द मात्र शुद्ध जपानी आहे. ‘ज्याच्याविषयी गायिले जाते तो’ असा त्याचा अर्थ. परंतु या शीर्षकाची छाया ज्या परंपरेवर पडते ती ऐनूंची. ऐनूंच्या वीरगाथांना ‘युकार’ व देवतांच्या गाथांना ‘कामुय युकार’ म्हणतात. चुलीभोवती बसून त्या गायिल्या जात. गाणारा आणि ऐकणारे लहान काठ्यांनी ताल धरीत. कामुय युकारात घुबड, कोल्हा, अस्वल अशा रूपांतील देव स्वतःच आपली हकिगत सांगतात. वीरगाथेतही नायक स्वमुखाने बोलतो. पोइयाउंपे हा त्यांतील प्रसिद्ध वीर. तो अनाथ असतो, दुसऱ्यांच्या घरी वाढतो, आपल्या जन्माचे रहस्य त्यास ठाऊक नसते आणि युद्धामागून युद्धे करीत तो त्या रहस्याकडे जातो. ‘उतावारेरुमोनो’त आपले मूळ न जाणणारा हाकुओरो प्रथमपुरुषी निवेदनात आपली कथा सांगतो. प्रथमपुरुषी निवेदन दृश्यकादंबऱ्यांत सर्रास आढळते, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तथापि शीर्षक, अनाथ नायक आणि नावे ही तिन्ही एकत्र पाहिली असता साम्य नजरेआड करता येत नाही.

नावांचा पुरावा अधिक ठोस आहे. ऐनू भाषेत ‘तुसु’ म्हणजे अंगात येऊन केलेले दैवकथन आणि ‘कुर’ म्हणजे व्यक्ती; ‘तुसुकुर’ म्हणजे असे कथन करणारी व्यक्ती. ऐनू समाजात हे काम बहुधा स्त्रिया करीत. गावाची वैद्य असलेल्या आजीस आणि तिच्या नावाने स्थापन झालेल्या राज्यास नेमके हेच नाव आहे. ‘ओंकामी’ म्हणजे पूजा. कथेतील धर्मपीठाच्या राज्याचे नाव ओंकामियामुकाई. ‘कुन्ने’ म्हणजे काळे. एका राज्याचे नाव कुन्नेकामुन. ‘कामुय’ म्हणजे देव. त्या राज्याच्या प्रचंड लढाऊ कवचांना ‘आवु-कामू’ म्हणतात. एवेंकुरुगा व गिरियागिना या जमातींची नावे अनुक्रमे सैबेरियातील एवेंक आणि साखालिन व आमूर नदीच्या परिसरातील गिल्याक, म्हणजेच निव्ख, या समाजांची आठवण करून देतात. पोशाखांवरील वळणदार नक्षीतही ऐनू वस्त्रांची छाया दिसते.

ही सर्व माणसे ज्या जगात वावरतात, त्या जगात ऐनू नावाचा समाज मात्र नाही. शब्द घेतले गेले आहेत; ते बोलणारे लोक मागे राहिले आहेत.

ज्या भाषेतून हे शब्द आले ती २००२ मध्ये कोणत्या स्थितीत होती, हे पाहिल्याशिवाय या उसनवारीचे वजन कळत नाही. १८६९ मध्ये मेइजी शासनाने ‘एझो’ या प्रदेशाचे नाव बदलून ‘होक्काइदो’ केले आणि वसाहतीकरणासाठी स्वतंत्र खाते नेमले. जपानी नावे व जपानी शिक्षण यांच्या रेट्याखाली ऐनू भाषा घराघरांतून मागे हटली. चिरी युकिए या ऐनू तरुणीने आजीकडून आणि मावशीकडून ऐकलेल्या तेरा देवगाथा रोमन लिपीत उतरविल्या आणि समोरच्या पानावर त्यांचे जपानी भाषांतर दिले. भाषातज्ज्ञ किंदाइची क्योसुके यांच्या तोक्योतील घरी हे काम पूर्ण करून १९२२ च्या सप्टेंबरात ती वारली. तेव्हा तिचे वय १९ होते. ‘ऐनू शिन्योशू’ हा तिचा संग्रह पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. तिची मावशी कान्नारी मात्सु हिने त्यानंतर अनेक वर्षे वह्यांमागून वह्या भरून युकार लिहून ठेवले. धाकटा भाऊ चिरी माशिहो ऐनू भाषेचा विद्वान झाला. ऐनूंच्या गाथा आज वाचता येतात त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या एका कुटुंबास जाते.

१९८६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान नाकासोने यांनी जपान हे एकजिनसी राष्ट्र असल्याचे विधान केले आणि ऐनू संघटनांनी त्याचा निषेध केला. १९९४ मध्ये कायानो शिगेरु हे जपानी संसदेतील पहिले ऐनू सदस्य झाले. मार्च १९९७ मध्ये निबुतानी धरणाच्या खटल्यात साप्पोरो येथील न्यायालयाने ऐनू हे आदिवासी असल्याचे मान्य केले आणि धरणासाठी झालेले भूसंपादन बेकायदा ठरविले. धरण मात्र बांधून झाले होते. त्याच वर्षी ऐनू संस्कृतीच्या संवर्धनाचा कायदा झाला. त्यात भाषा आणि परंपरा यांना स्थान होते, हक्कांना नव्हते. ‘उतावारेरुमोनो’ निघाली ती या कायद्यानंतर पाच वर्षांनी. संस्कृती जपण्यायोग्य मानली गेली होती, पण ती जगणाऱ्यांचा राजकीय प्रश्न अनुत्तरित होता. या कृतीतील उसनवारीचे स्वरूपही नेमके असेच आहे.

शेती आणि विद्रोह

कथेतील एक प्रसंग या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखा आहे. यामायुरा गावाची जमीन निकस असते. स्मृती हरवलेल्या हाकुओरोस मातीचा कस सुधारण्याचे ज्ञान मात्र कोठून तरी आठवते. तो गावकऱ्यांस उपाय सुचवितो, पीक चांगले येते आणि तो गावाचा विश्वास संपादन करतो. बाहेरून आलेला पुरुष शेती सुधारतो व कृतज्ञ गाव त्यास नेता मानते, असा हा क्रम आहे.

होक्काइदोच्या इतिहासात हा क्रम असा घडलेला नाही. ऐनू समाजास शेती अपरिचित नव्हती. सावा-राळ्यासारखी धान्ये तो पिकवीत असे. पण त्याच्या जीवनाचा आधार नदीतला सॅमन मासा आणि रानातले हरिण हा होता. १८७० च्या दशकापासून या दोहोंवर शासनाने निर्बंध घातले. १८९९ च्या ‘भूतपूर्व आदिवासी संरक्षण कायद्या’न्वये शेती करणाऱ्या ऐनू कुटुंबास कमाल पाच हेक्टर जमीन देण्याची तरतूद झाली, पंधरा वर्षांत ती लागवडीखाली आली नाही तर काढून घेतली जाई. चांगल्या जमिनी बहुतांशी आधीच जपानी वसाहतकारांच्या हाती गेल्या होत्या. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात राहिला. म्हणजे ज्या भाषेतील नावे कथेत शेती शिकून समृद्ध होतात, त्या भाषेच्या लोकांवर शेती ही संरक्षणाच्या नावाखाली लादली गेली होती. कथालेखकाने हे जाणूनबुजून उलटविले, असे म्हणण्यास आधार नाही. सुधारक बाहेरून येतो, ही कल्पना जपानी लोकप्रिय साहित्यात इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे प्रश्नार्थक दृष्टीने पाहण्याची गरज कोणास भासली नसावी. परंतु इतिहासाच्या अध्यापकाने ही गरज ओळखणे इष्ट आहे. वर्गात चर्चेसाठी याहून चांगला प्रसंग या कृतीत नाही.

दुसरा प्रसंग नावाचाच आहे. कुच्चाकेच्चाचा राजा ओरिकाकान हा हाकुओरोस ‘राकुशाइन’ म्हणून ओळखतो. राकुशाइन हा त्याचा मेहुणा, कुटुंबाचा घात करून पळालेला. स्मृती नसलेल्या नायकास हा आरोप नाकारताही येत नाही. आपण तोच घातकी असू काय, या शंकेने तो पोखरला जातो. पुढे हा सारा भ्रम ओरिकाकानच्या मनात शत्रूने कारस्थान करून रुजविला होता, असे निष्पन्न होते. कथेतील सर्वांत प्रभावी असा हा भाग आहे.

आता जपानी इतिहास जाणणाऱ्या वाचकास ‘राकुशाइन’ हे नाव ऐकताच ‘शाकुशाइन’ आठवल्यावाचून राहणार नाही. केवळ पहिल्या अक्षराचा फरक. १६६९ मध्ये मात्सुमाए या जपानी सरदार घराण्याच्या व्यापारी जुलमाविरुद्ध ऐनूंचा जो मोठा उठाव झाला, त्याचा नेता शाकुशाइन. तांदळाची पोती लहान करीत नेऊन ऐनूंकडून पूर्वीइतकेच मासे व कातडी घेण्याचा प्रकार त्या काळी वाढला होता. उठाव लांबू लागला तेव्हा मात्सुमाएच्या माणसांनी शाकुशाइनास तहासाठी बोलाविले आणि मेजवानीत त्याचा वध केला. घात त्याने केला नव्हता. तो त्याचा झाला होता. ऐनूंच्या स्मृतीत तो वीर आहे. शिझुनाई येथे १९७० मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.

विद्रोही नेत्याच्या नावाशी इतके जवळचे नाव येथे घातक्यास मिळाले आहे. पण हा घातकीपणा सत्ताधाऱ्याच्या मनात पेरलेले असत्य ठरते. एखाद्या माणसाविषयी दरबाराने ठरविलेली आठवण आणि त्या माणसाचे खरे आयुष्य यांतील अंतर हाच त्या प्रकरणाचा विषय आहे. नामसाम्य हेतुपुरस्सर आहे असा दावा न करताही एवढे म्हणता येते, की या एका ठिकाणी कृती आपल्या उसन्या शब्दांच्या इतिहासाच्या सर्वांत जवळ गेली आहे.

कुन्नेकामुनचे प्रकरण याच्याशी जोडून वाचावे. तेथील शाकुकोपोरु ही जमात शरीराने दुर्बळ, पिढ्यान्‌पिढ्या इतरांकडून छळली गेलेली. आवु-कामू ही कवचे हाती आल्यावर ती बलाढ्य होते. तिची अल्पवयीन सम्राज्ञी कुया ही स्वभावाने कोमल. हाकुओरोशी तिची मैत्री. पण दुसऱ्यांच्या भीतीतून आपल्या लोकांस कायमचे सोडवायचे तर सर्व राज्ये जिंकली पाहिजेत, या मताकडे ती ओढली जाते आणि मित्राविरुद्ध युद्धास उभी राहते. छळलेला समाज छळणारा कसा होतो, याचे हे चित्रण भाबडे नाही. कुयाचे म्हणणे चुकीचे असले तरी तिची भीती खरी आहे, हे वाचकास सतत जाणवत राहते. दृश्यकादंबरीच्या संथ गतीचा लाभ येथे होतो. युद्धापूर्वी रात्रीच्या भेटींत तिच्याशी इतके बोलणे झालेले असते, की पटावर तिच्या सैन्यापुढे सोंगटी सरकविताना हात अडखळतो.

आवृत्त्या आणि वाचनक्रम

नव्या वाचकाने कोठून आरंभ करावा, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. २००२ ची मूळ आवृत्ती जपानीतच आहे. २००६ मध्ये पात्रांच्या आवाजांसह नवी आवृत्ती निघाली. तिच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘विखरून जाणाऱ्यांसाठी अंगाईगीत’ असा होतो. त्याच वर्षी २६ भागांची सचेतपटमालिका प्रक्षेपित झाली; कथानकाची ओळख होण्यास ती पुरेशी असली तरी आरंभीच्या ग्रामजीवनास तीत कात्री लागली आहे. पुढील दोन खंड २०१५ व २०१६ मध्ये जपानीत आणि २०१७ मध्ये इंग्रजीत आले. पहिल्या खंडाची नव्याने घडविलेली आवृत्ती २०१८ मध्ये निघाली व ‘प्रिल्यूड टू द फॉलन’ या नावाने २०२० मध्ये इंग्रजीत आली. २०२१ मध्ये ती संगणकावरही उपलब्ध झाली. इंग्रजी वाचकांस त्यामुळे उत्तरकथा आधी आणि मूळ कथा नंतर मिळाली. हा क्रम आता पाळण्याचे कारण नाही. पहिला खंड प्रथम वाचावा. दुसऱ्या व तिसऱ्या खंडांतील मुखवट्यांचा आणि सम्राटाचा अर्थ त्याशिवाय पूर्णपणे लागत नाही. लढायांचा सराव नसलेल्यांसाठी नव्या आवृत्तीत चुकलेली चाल मागे घेण्याची सोय आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

पहिल्या खंडाच्या मूळ प्रकाशनापासून इंग्रजी आवृत्तीपर्यंत अठरा वर्षे गेली. या काळात ऐनूंचे जपानी लोकप्रिय संस्कृतीतील स्थानही बदलले. १९९३ च्या ‘सामुराई स्पिरिट्स’ या लढाऊ खेळात नाकोरुरु ही ऐनू तरुणी आली होती. तेथे ऐनू हे नाव स्पष्ट होते, पण जीवन सजावटीपुरते. सातोरु नोदा यांच्या ‘गोल्डन कामुय’ या चित्रकथामालेत, जी २०१४ ते २०२२ या काळात प्रसिद्ध झाली, ऐनू भाषेचे अभ्यासक हिरोशी नाकागावा यांचे साहाय्य घेण्यात आले आणि शिकार, स्वयंपाक व भाषा यांचे तपशील नावानिशी दिले गेले. शासनाच्या पातळीवर जून २००८ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऐनूंना आदिवासी मानणारा ठराव केला आणि २०१९ च्या कायद्यात तो दर्जा प्रथमच शब्दबद्ध झाला. जमीन आणि मासेमारी यांच्या हक्कांविषयी त्या कायद्यातही तरतूद नसल्याची तक्रार ऐनू संघटनांनी केली आहे.

‘प्रिल्यूड टू द फॉलन’ २०२० च्या मे महिन्यात निघाली. जुलैच्या १२ तारखेस होक्काइदोतील शिराओई येथे ऐनूंचे राष्ट्रीय संग्रहालय व उद्यान उघडण्यात आले. त्याचे नाव ‘उपोपोय’. ऐनू भाषेत त्याचा अर्थ ‘अनेकांनी मिळून गाणे’ असा आहे. त्याच परिसरात, संग्रहालयापासून काहीशा अंतरावर, एक स्मारकवास्तू आहे. विद्यापीठांतील संशोधकांनी अभ्यासासाठी म्हणून ऐनूंच्या दफनभूमींतून नेलेल्या अस्थी तेथे ठेवण्यात आल्या आहेत. त्या अस्थी आपापल्या गावी परत मिळाव्यात, ही अनेक ऐनूंची मागणी आहे.